हात वर न करणारे

रमजानचा पाचवा रोजा होता. तारीख 7 एप्रिल 2022. तरावीह आटोपून मी अंधेरीतल्या घरी आलो तेव्हा अब्बा टीव्हीसमोर बसले होते. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून ते घरीच नमाज पढत. मला पाहून म्हणाले, "रशियाला मानवी हक्क परिषदेतून काढलं."

"आणि आपण?" मी विचारलं.

"आपण तटस्थ," असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला.

हे युद्ध आमच्यासाठी फार दूरचं नव्हतं. आमच्याच इमारतीतली एक मुलगी खारकीवला एमबीबीएस करत होती. 26 फेब्रुवारीला बुखारेस्टहून 219 जणांना घेऊन पहिलं विमान इथल्या विमानतळावर उतरलं, तेव्हा तिची आई दिवसभर फोन हातात धरून बसली होती. मुलगी त्या विमानात नव्हती. ती मार्चमध्ये परतली. इमारतीत पेढे वाटले गेले. मी भेटायला गेलो तेव्हा तिने एकच गोष्ट सांगितली. तळघरात त्यांच्यासोबत एक म्हातारी राहत होती, ती या पोरांना रोज सूप करून द्यायची. "चाचा, आम्हाला न्यायला सरकार आलं. तिला कोण नेणार?" मला उत्तर देता आलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला बुचाच्या रस्त्यांवरचे मृतदेह जगाने पाहिले. 5 एप्रिलला सुरक्षा परिषदेत भारताने त्या हत्यांचा निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. दोनच दिवसांनी आमसभेत मतदान झालं. 93 देश निलंबनाच्या बाजूने, 24 विरोधात, 58 तटस्थ. भारत त्या 58 मध्ये. चौकशी पूर्ण होण्याआधी शिक्षा नको, प्रक्रिया पाळली पाहिजे, असं आपलं म्हणणं होतं. हा मुद्दा फालतू नाही. परिषदेने चौकशी आयोग नेमून जेमतेम महिना झाला होता. पण आपली तेलाची, शस्त्रांची गरज कोणापासून लपलेली होती? अडकलेल्या मुलांचं कारण तर तोवर उरलंही नव्हतं. साडेबावीस हजारांच्या आसपास माणसं घरी पोहोचली होती.

ही परिषद 2006 साली स्थापन झाली. सदस्य 47. एखाद्या सदस्याने मानवी हक्कांचं गंभीर आणि पद्धतशीर उल्लंघन केलं, तर आमसभा त्याला दोनतृतीयांश मतांनी निलंबित करू शकते. पण हे दोनतृतीयांश फक्त 'हो' आणि 'नाही' म्हणणाऱ्यांचे. तटस्थ मतं मोजलीच जात नाहीत. म्हणजे त्या दिवशी हिशेब 117 मतांचा होता आणि 78 पुरेशी होती. ते 58 देश विरोधात गेले असते, तर एकूण मतं 175 झाली असती, 117 लागली असती आणि 93 कमी पडली असती. तेव्हा तटस्थ राहणं म्हणजे काहीच न करणं, हे खरं नाही. रशियाला ते बरोबर कळलं होतं. तटस्थ राहणंही आम्ही मैत्रीला धरून समजणार नाही, असा इशारा त्याने मतदानाआधीच दिला होता. निकालानंतर त्याच दिवशी त्याने परिषद सोडली.

आमच्या कट्ट्यावर दुसऱ्या दिवशी इफ्तारनंतर हाच विषय निघाला. "इराकवर बॉम्ब पडले तेव्हा अमेरिकेला कोणी काढलं?" एकाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. आजवर या परिषदेतून दोनच देश निलंबित झाले. 2011 मध्ये गद्दाफींचा लिबिया, 2022 मध्ये रशिया. गाझाची चित्रं पाहिल्यावर तर हा दुटप्पीपणा घशाखाली उतरत नाही. पण मग सौदी अरेबियाचंही नाव घ्यायला हवं. येमेनवर त्याची विमानं बॉम्ब टाकत होती तेव्हा तो याच परिषदेचा सदस्य होता. 2016 मध्ये मानवी हक्क संघटनांनी त्याच्या निलंबनाची मागणी केली, ती हवेत विरली. येमेनी मुलंही कलमा पढणारीच होती. आपण किती जण बोललो?

त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला या परिषदेत आणखी एक मतदान झालं. चीनच्या शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांच्या स्थितीवर नुसती चर्चा घ्यावी की नाही, एवढाच प्रश्न होता. 17 मतं बाजूने, 19 विरोधात, 11 तटस्थ. चर्चाही नको म्हणणाऱ्यांत पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती होते. मुस्लिम देशांपैकी बाजूने उभा राहिला तो गरीब सोमालिया. भारत तेव्हाही तटस्थ. ही बातमी मी अब्बांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी गावची गोष्ट काढली.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. 1980 च्या दशकात तिथल्या एका विधवेने सासरच्या जमिनीत मुलांचा हिस्सा मागितला. जमातीने ऐकलं नाही, म्हणून ती कोर्टात गेली. जमातीची बैठक बसली आणि तिचं घर वाळीत टाकायचं ठरलं. अब्बा सुट्टीवर गावी होते. "हात वर करा," म्हटल्यावर भराभर हात वर झाले. "मी नाही केला," अब्बा म्हणाले. इतकी वर्षं ते हे थोड्या अभिमानानेच सांगत. त्या दिवशी मात्र पुढचं वाक्य आलं. "पण विरोधात कोण, असं विचारलं तेव्हाही नाही केला. पुढे तिच्या सासूची मय्यत झाली, तर खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. मी मुंबईत होतो. असतो तर गेलो असतो का, माहीत नाही."

गावच्या जमातीत आणि न्यूयॉर्कच्या आमसभेत फरक आहे. गावात बलवानांनी एका दुबळ्या बाईला बाहेर टाकलं. तशा जातपंचायतींच्या आणि जमातींच्या जुलमासाठी महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. आमसभेत मात्र एका बलवानाची खुर्ची काढून घेतली गेली. त्याचं संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व राहिलं, सुरक्षा परिषदेतला नकाराधिकारही राहिला. एका खुर्चीने युद्ध थांबत नाही, थांबलंही नाही. 2023 मध्ये रशियाने ती परत मिळवण्यासाठी निवडणूक लढवली आणि हरला, एवढंच.

तरी त्या मताला अर्थ होता. ज्याच्यावर आरोप आहे, त्याने न्यायाच्या गादीवर बसू नये, एवढं जगाने म्हटलं. ते सर्वांच्या बाबतीत म्हटलं जात नाही, हे त्या मताविरुद्धचं कारण होऊ शकत नाही. ते अधिक वेळा म्हणण्याचं कारण आहे.

साक्ष लपवू नका, ती स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरोधात जात असली तरी, असं आम्हाला लहानपणी मकतबमध्ये शिकवलं गेलं. ते मला अब्बांनीच घरी पुन्हा समजावलं होतं. हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. म्हणाले, "लिही. निदान आता तरी माझा हात वर झाला, असं समज."