टाळी कोणासाठी?

नाटकात टाळी पडली की नट थांबतो. आवाज ओसरू देतो आणि मगच पुढचं वाक्य घेतो. संगीत नाटकात तर 'वन्स मोअर'ची आरोळी उठली की मेलेलं पात्रसुद्धा उठून पुन्हा गायचं, अशा गोष्टी जुनी माणसं रंगवून सांगत. सिनेमात ती सोय नाही. पडद्यावरच्या माणसाला आपलं काही ऐकू जात नाही. हाउसफुल खेळ असो की रिकामा, तो त्याच वेगानं बोलून मोकळा होतो. मग त्याच्या नावानं शिट्ट्या मारणारे लोक नेमकं कोणाला ऐकवत असतात?

हा प्रश्न मला पडला तो 'अव्हेंजर्स: एंडगेम' पाहताना. २६ एप्रिल २०१९ला, शुक्रवारी, तो लागला. सोमवारी मुंबईत लोकसभेचं मतदान होतं, प्रचाराचे भोंगे टिपेला पोचले होते. पण कॉलेजच्या पोरांना विचारावं तर चौकशी एकच, तिकीट मिळालं का? काही मल्टिप्लेक्सनी रात्रभर खेळ ठेवले होते. मला भाच्यानं ओढून नेलं. २००८च्या 'आयर्न मॅन'पासून चालत आलेल्या मालिकेतला हा बाविसावा चित्रपट. भाच्याला सगळे पाठ, माझे मधलेअधले पाहिलेले. राष्ट्रगीत संपून आम्ही खाली बसलो तेव्हाच त्यानं बजावलं, "मामा, मधे काही विचारायचं नाही."

तीन तासांच्या त्या सिनेमात शेवटाकडे एक क्षण येतो. थॉरचा हातोडा जमिनीवरून आपसूक उठतो, हवेतून जातो आणि कॅप्टन अमेरिकाच्या हातात येतो. हातोडा हातात येणं यात एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण थिएटरमध्ये जो आवाज उठला, त्यात पुढचे संवाद बुडून गेले. मी वळून पाहिलं तर भाचा खुर्चीवर नव्हता, उभा होता. अनोळखी मुलं एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होती. भाच्यानं नंतर समजावलं: तो हातोडा लायक असेल त्यालाच उचलता येतो. २०१५च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये एका पार्टीत सगळे गमतीनं तो हातोडा उचलायला जातात. कॅप्टन ओढतो तेव्हा हातोडा अगदी किंचित हलतो, आणि थॉरच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर मावळतं. बस, एवढंच. त्या एका निसटत्या क्षणाची ठेव मुलांनी चार वर्षं जपली आणि त्या दिवशी ती व्याजासकट वसूल केली.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. दिग्दर्शक रूसो बंधूंनी प्रदर्शनाआधी पत्र काढून, गोष्ट फोडू नका, अशी विनंती केली होती. मुलांनी त्यासाठी मोबाइलपासून लांब राहण्याचे पण केले होते. रहस्य हाच जीव असेल, तर ते कळल्यावर मजा संपायला हवी. पण पुढच्या रांगेतल्या काही जणांची टाळी हातोडा उठायच्या आधीच पडली. ते दुसऱ्यांदा आलेले होते. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. ते आले होते इतरांबरोबर ते पुन्हा घडताना पाहायला. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या माणसाला द्रौपदीची लाज राखली जाणार हे माहीत नसतं थोडंच!

म्हणून मला वाटतं, ती टाळी पडद्यासाठी नव्हतीच. ती शेजारच्यासाठी होती. 'तुझ्याही लक्षात आहे ना?' असं विचारणारी, आणि त्याच दमात 'आहे' असं उत्तर देणारी.

तसं असेल तर ज्याच्या लक्षात काही नाही, तो त्या आनंदाच्या बाहेरच राहतो. मी राहिलो होतो. भर लग्नात वऱ्हाडी कोणाचे हे न कळलेल्या पाहुण्यासारखा हसत होतो. पण आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, मरतो तिथं तसं झालं नाही. त्याची लहान मुलगी, तिला झोपवताना झालेलं बोलणं, हे सगळं याच सिनेमात होतं. तिथं माझ्याही घशात दाटून आलं. जल्लोषात सामील व्हायला पूर्वीची ओळख लागते. दुःखाला लागत नाही.

वर्षभरात टाळेबंदी आली. थिएटरं बंद झाली आणि 'एंडगेम'च्या खेळात कोणीतरी चोरून टिपलेला प्रेक्षकांचा आवाज मोबाइलवर फिरू लागला. चित्र अंधूक, संवाद कळत नाहीत, फक्त शेकडो माणसांचं ओरडणं. लोक ते पुन्हा पुन्हा ऐकत होते. सिनेमा तर घरबसल्या स्वच्छ दिसत होता. चुकल्यासारखी वाटत होती ती गर्दी.

पुढं १६ डिसेंबर २०२१ला 'स्पायडर-मॅन: नो वे होम' आला, तेव्हा महाराष्ट्रात निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती. तरी जुने दोन स्पायडर-मॅन एकेक करून आले आणि त्या निम्म्या थिएटरनं छप्पर उचललं. तेव्हापासून निर्मात्यांनी हे सूत्रच पकडलं. जुनं पात्र अचानक आणायचं, कॅमेऱ्यासमोर क्षणभर उभं करायचं, टाळीपुरती जागा सोडायची. कधी ती भरते, कधी मोकळीच राहते. २०२३चा 'द मार्व्हल्स' तर कधी आला नि कधी गेला, हेही अनेकांना कळलं नाही.

यात प्रेक्षक बिघडले असं मला वाटत नाही. 'आयर्न मॅन' आला तेव्हा भाचा प्राथमिक शाळेत होता, 'एंडगेम'ला कॉलेजात. मधल्या काळात मिसरूड फुटली, मित्र बदलले, घरात एक-दोन माणसं कमी झाली. ही मंडळी मात्र वर्षा-सहा महिन्यांनी नेमानं भेटत राहिली. त्या दिवशी तो उभा राहिला, त्यात ही सगळी वर्षं होती. पडद्यावर मेलेलं पात्र परत आणता येतं, दुसऱ्या विश्वातून त्याचा जुळा भाऊही बोलावता येतो. पोराचं वाढणं मात्र कोणत्याच पटकथेत आयतं लिहून मिळत नाही.