माझा अर्धा तास

घरी मी बाबा, शाळेत मास्तर. मधला अर्धा तास मात्र मी कुणाचाच नसतो. तो मला सायकल देते. १८८५ साली स्टार्लीने मागच्या चाकाला साखळी जोडून सायकल बुटकी केली. १८८८ साली डनलॉपने मुलाच्या तिचाकीसाठी हवेचा टायर केला. दोघांचे माझ्यावर उपकार आहेत.

सायकलींचे शहर म्हणून एकेकाळी मिरवलेल्या पुण्यात आता मुले म्हणतात, "बाबा, स्कूटर घ्या. दहा मिनिटांत पोचाल."

पोचेन, यात शंका नाही. पण मुठेच्या पुलावर वाऱ्याला छाती देऊन पायडल मारू लागलो, की कादंबरीत रुसून बसलेले पात्र हळूच बोलू लागते. वाचलेली ती वीस मिनिटे, वाचकहो, मी खर्चावी कुठे?