पहारा कोणी करायचा?

मार्च महिना कसा असतो ते कारकुनाला विचारू नये, त्याच्या घरच्यांना विचारावे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. गेली वीस वर्षे लेखा शाखेत कारकुनी करतो आणि रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांमध्ये बसतो. संगणकाशी आमचा संबंध देयके तयार करून छापण्यापुरता. त्यामुळे संगणकाच्या पोटातल्या दुरुस्तीविषयी आम्ही लिहितो आहोत हे पाहून ओळखीचे वाचक हसतील. पण त्या दुरुस्तीत एका कष्टकरी बाईची भाकरी अडकली होती, म्हणून लिहिणे भाग आहे.

२०२३ सालच्या मार्चचा शेवटचा आठवडा होता. देयके कोषागारात जायची होती. सकाळी अकराच्या सुमारास शाखेतल्या सगळ्या संगणकांचा मुख्य संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, संपर्क तुटला. चार तास सगळी शाखा हात बांधून बसली. दुपारी देखभालीच्या ठेकेदाराचा माणूस आला, त्याने सर्व्हरच्या मागे हात घातला, निसटलेली एक केबल खोचली आणि काम सुरू झाले. दोष सापडायला पाच मिनिटे लागली, गुन्हेगार त्याहून लवकर सापडला. त्या खोलीत सकाळी झाडू मारायला गेल्या होत्या त्या कंत्राटी सफाईच्या मावशी. "बाईने केबल ओढली" असे तोंडी ठरले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आले. नोटीस नाही, चौकशी नाही, कागदाचा चिटोरा नाही.

संध्याकाळी मावशी आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, झाडू लागला असंल तर नाही म्हणत नाही. पण मी वायर ओढली नाही. अन् मागं दिवाळीच्या साफसफाईत मीच तुम्हाला सांगितलं होतं ना, की तिथली वायर जरा हलली की दिवा विझतोय?"

आम्ही गप्प झालो. कारण त्यांनी खरोखरच सांगितले होते. आम्ही फाइलीतून मान वर न करता म्हणालो होतो, "मावशी, तिथे हात लावू नका." एवढ्यावर आमच्या दृष्टीने तो विषय संपला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. पडल्या पडल्या त्या सर्व्हरच्या खरेदीची फाइल आठवू लागली. ती आमच्याच टेबलावरून गेली होती. त्यात नेटवर्कची दोन कार्डे मागवली होती आणि समर्थनार्थ टिपणीत लिहिले होते, 'एक बंद पडल्यास दुसऱ्यावर काम चालू राहावे म्हणून.' मग एक केबल निघाल्याने सगळी शाखा बंद कशी पडली? एका केबलवर सगळे अवलंबून असेल, तर दुसऱ्या कार्डाचे पैसे सरकारने कशासाठी मोजले? वाणिज्याच्या पदवीधराला एवढा प्रश्न पडणारच.

आमच्या अभ्यासिकेत शिकून मोठा झालेला एक मुलगा पुण्याला लिनक्सचे सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. रविवारी तो आला. "जयभीम काका" म्हणून समोर बसला आणि आमचे ऐकून हसला. म्हणाला, "काका, दोन केबल असणं वेगळं आणि पहिली तुटली हे कुणीतरी पाहणं वेगळं."

मग त्याने पाटीवर समजावले. दोन कार्डे बांधून बाहेरच्या जगाला एकच दाखवायचे, याला बॉन्डिंग म्हणतात. हे काम लिनक्सच्या कर्नेलमधला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातला, बॉन्डिंग ड्रायव्हर करतो. ही कल्पना जुनी आहे. १९९४ साली अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे संगणक एकत्र जोडून बेओवुल्फ नावाचा मोठा संगणक केला. एकट्या केबलचा वेग त्यांना अपुरा पडत होता आणि वेगवान सामग्री महाग होती. म्हणून बेकर यांनी माहिती दोन केबलवर वाटून पाठवण्याची सोय केली. त्यातूनच पुढे आजचा ड्रायव्हर वाढला. त्यात आता सात पद्धती आहेत. आमच्या सर्व्हरवर जी होती तिच्यात एक कार्ड काम करते आणि दुसरे राखीव बसते.

"पण राखीव गड्याला उठवणार कोण?" तो म्हणाला. "पहिल्या केबलचा दिवा जळतोय का, हे ड्रायव्हरने थोड्या थोड्या वेळाने पाहायचं असतं. किती वेळाने पाहायचं तो आकडा द्यावा लागतो. जुन्या कर्नेलमध्ये आकडा दिला नाही तर तो शून्य धरला जायचा. शून्य म्हणजे पाहायचंच नाही."

आम्ही साहेबांची परवानगी काढली. कार्यालय सुटल्यावर साहेब, आम्ही आणि तो मुलगा अशा तिघांनी सर्व्हरसमोर उभे राहून परीक्षा घेतली. पहिली केबल हाताने काढली. दुसरीचा दिवा लख्ख जळत होता, तरी संपर्क तुटला. मुलाने पडद्यावर ड्रायव्हरचे प्रगतिपुस्तक उघडले. त्यात लिहिले होते, पाहणीचा कालावधी : ०. आणि त्याखाली निघालेल्या केबलपुढे, स्थिती : चालू. केबल आमच्या हातात आणि सर्व्हर म्हणतो चालू! साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले.

मुलाने एका ओळीत १०० हा आकडा घातला. म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी, सेकंदाला दहा वेळा पाहणी. पुन्हा केबल काढली. या वेळी काम थांबले नाही. दुसरे कार्ड उठून कामाला लागले होते. मग त्याने ती पहिली केबल उजेडात धरली. तिच्या टोकाची प्लॅस्टिकची खिटी तुटलेली होती. मावशींनी दिवाळीत सांगितलेला दोष तो हाच.

त्या पडद्यावरचा एक शब्द मात्र आम्हांला टोचला. प्रत्येक कार्डापुढे 'स्लेव्ह' असे छापलेले होते. स्लेव्ह म्हणजे गुलाम. मुलाला विचारले तर तो म्हणाला, "२०२० साली कर्नेलच्या नियमांत लिहिलं गेलं, की नव्या लिखाणात मालक-गुलाम हे शब्द आणू नयेत. पण जुनी नावं राहिली आहेत. हा मजकूर वाचून चालणारे दुसरे प्रोग्रॅम त्याच शब्दावर विसंबून आहेत, एकदम बदलला तर ते मोडतात." शब्द एकदा व्यवस्थेच्या पायात घातला की काढणे किती जड जाते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

परतताना आम्ही विचारले, "म्हणजे दोष कर्नेलचा नव्हता?" तो म्हणाला, "या वेळी नव्हता. आकडा द्या, नाहीतर केबल तुटल्यावर फार त्रास होईल, असं ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय. ते बसवणाऱ्याने वाचलं नाही. पण कर्नेलमध्येही चुका निघतात. याच पहाऱ्यातली एक सांगतो."

ती गोष्ट २०११ सालची. पहाऱ्याचे काम ड्रायव्हर ठरावीक वेळाने रांगेत लावत असतो. कोणी बॉन्ड बंद केला, की पुढचे काम रद्द व्हायचे, पण जे आधीच रांगेत लागले ते रद्द होत नसे. तेवढ्यात कोणी बॉन्ड पुन्हा चालू केला, तर कामाची नोंदवही कोरी केली जाई. रांगेतले जुने काम त्या कोऱ्या पानावर आपला पत्ता शोधू लागे. पत्ता नाही, म्हणून अख्खा संगणक कोसळे. मित्सुओ हायासाका यांनी हे शोधून कळवले आणि उपायही सुचवला, की बंद करणाऱ्याने चालू असलेला पहारा पुरता संपेपर्यंत थांबावे.

ऐकायला हे सोपे आहे. पण ड्रायव्हरची जबाबदारी सांभाळणारे जे व्हॉसबर्ग यांनी ताडले, की यातून दुसरा घोटाळा होईल. कार्यालयाच्या भाषेत सांगायचे तर असे, की नेटवर्कमध्ये काहीही बदलायचे तर एकाच कपाटाची किल्ली हातात लागते. बंद करणारा किल्ली घेऊन उभा आहे आणि म्हणतो, पहारेकऱ्याची फेरी संपल्याशिवाय मी हलणार नाही. पहारेकऱ्याला फेरीत तुटलेली केबल दिसली आहे आणि तो म्हणतो, किल्ली मिळाल्याशिवाय माझी फेरी संपणार नाही. दोघेही प्रामाणिक, दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघेही जन्मभर उभे! मागे किल्लीसाठी लागलेली रांग वेगळीच. कार्यालयात ज्याने दिवस काढले आहेत त्याला हे चित्र नवे नाही.

त्यावरचा इलाज साधा होता. पहारेकऱ्याने किल्लीसाठी ताटकळायचे नाही. हात लावून पाहायचे. मिळाली तर काम करायचे, नाही मिळाली तर ताबडतोब परत फिरायचे आणि क्षणभराने पुन्हा यायचे. तेवढ्यात बंद करणाऱ्याचे काम उरकते. हे दोन्ही उपाय एकाच दुरुस्तीत घातले गेले.

आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुरुस्तीसोबत जोडलेली टिपणी. लिनक्सचा सगळा मजकूर जगात कोणालाही वाचता येतो, तशा या टिपण्याही वाचता येतात. मुलाने ती टिपणी आम्हांला दाखवली. सुरुवातीलाच लिहिले आहे, की पहिला दोष हायासाका यांनी कळवला. मग दोष कोणत्या क्रमाने घडतो ते पायरीपायरीने. मग पहिल्या उपायाने कोणती नवी अडचण होते आणि ती कशी टाळली. 'कोणी चूक केली' असे एक वाक्य नाही. शेवटी सह्या आहेत आणि त्यांत हायासाकांचीही आहे. मुलगा म्हणाला, की कर्नेलच्या टिपण्यांत यासाठी ठरलेल्या ओळी असतात. कळवणाऱ्याचे नाव, तपासून पाहणाऱ्याचे नाव. आणि आधीच्या कोणत्या बदलामुळे दोष आला ते सांगण्यासाठीही ओळ असते. तिच्यात त्या बदलाचा क्रमांक आणि मथळा येतो, माणसाचे नाव येत नाही.

वाचकहो, आम्ही त्या रात्री बराच वेळ हाच विचार केला. तिथे दोष दाखवणाऱ्याचे नाव मानाने लिहितात आणि दोषाला क्रमांक देतात. आमच्या कार्यालयात दोष दाखवणारीलाच दोषी ठरवले आणि खरा दोष तसाच खोलीत राहिला. मावशी घरी बसल्या असत्या आणि ती केबल पुढच्या झाडूला पुन्हा निघाली असती.

सोमवारी आम्ही कार्यालयीन टिपणी लिहिली. वीस वर्षांत शेकडो लिहिल्या, पण ही लिहिताना हात थांबत होता. पहिला मुद्दा, केबलची खिटी तुटलेली होती. दुसरा, दोन कार्डे असूनही पहाऱ्याचा आकडा शून्य असल्याने दुसरे कार्ड उठले नाही, आणि त्याची परीक्षा साहेबांसमोर झाली. तिसरा, हा दोष सर्वप्रथम निदर्शनास आणून दिला तो सफाई कामगार श्रीमती अमुक यांनी. तिथे त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव पूर्ण लिहिले. त्या इमारतीत त्यांनी नऊ वर्षे झाडू मारला होता, पण कोणत्याही फाइलीत त्यांचे नाव प्रथमच येत होते. चौथा मुद्दा लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. 'सदर बाब त्यांनी निम्नस्वाक्षरीकारास तोंडी सांगितली होती. निम्नस्वाक्षरीकाराने त्यावर कार्यवाही केली नाही.' खाली आम्ही सही केली.

शेजारच्या टेबलावरचे स्नेही म्हणाले, "चौथा मुद्दा कशाला? तुमच्यावरच यायचं." आम्ही म्हणालो, "तो काढला तर तिसरा खोटा पडतो." खरे सांगायचे तर आम्हांलाही भीती वाटत होती. साहेबांनी टिपणी दोनदा वाचली, आम्हांला तोंडी समज दिली आणि मावशींना परत घेण्याविषयी सफाईच्या कंत्राटदाराला पत्र काढले. मावशी नवव्या दिवशी कामावर आल्या. मधल्या दिवसांची मजुरी मिळवायला मात्र आणखी चार महिने खेटे घालावे लागले. ती हकीकत वेगळी.

आता त्या खोलीच्या दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तारीख, काय बिघडले, कोणी सांगितले, कोणाला सांगितले, पुढे काय केले, असे पाच रकाने आम्ही पट्टीने आखले आहेत. मावशींना लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि समोर असेल तो लिहितो, त्या अंगठा उमटवतात. मागच्या महिन्यात त्यांनी शेवटचा रकाना कोरा पाहिला आणि आम्हांला विचारले, "भाऊ, हितं काहीच लिवलं नाही व्हय?"

आम्ही फाइल बाजूला ठेवून उठलो.