पाकळ्यांचा वास राखताना

डँडेलियनची वाइन म्हणतात खरी, पण तिच्यातलं मद्य सगळं साखरेचं. यीस्टला खायला पुरेल असं त्या फुलात फारसं काही नसतं. फूल देतं तो वास, पिवळा रंग आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागे रेंगाळणारा थोडासा कडूपणा. रंग सहज उतरतो, कडूपणा तर नको तितका उतरतो. वास मात्र धरून ठेवावा लागतो, कारण पहिल्या दिवसापासून तो उडून जायच्याच तयारीत असतो. ही वाइन करण्यातली सगळी कारागिरी मला त्या एका वासापाशी येऊन थांबलेली दिसते.

मी मूळची गडचिरोलीकडची, म्हणूनही हे जास्त जाणवत असेल. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते, लहानथोर टोपल्या घेऊन वेचायला जातात आणि मग अंगणभर फुलं वाळत पडतात. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. पाण्यात भिजत घातली की ती आपली आपण आंबू लागतात. यॉर्कशरला आले तेव्हा फुलाची दारू म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर हेच होतं. डँडेलियनचं गणित अगदी उलटं निघालं. इथे गोडी, आंबटपणा, तुरटपणा, यीस्टचं पोषण, सगळं बाहेरून आणून द्यायचं आणि त्या गर्दीत फुलाला जागा राखून ठेवायची.

इंग्लंडमध्ये स्वतःपुरती वाइन घरी आंबवायला परवाना लागत नाही. विकता येत नाही, आणि परवान्याशिवाय भट्टी लावणं गुन्हा आहे. त्यामुळे परसातल्या फुलांची, फळांची वाइन ही इथल्या घरांतली जुनी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली, ती सप्टेंबर 1953 पर्यंत रेशनवरच होती. ती मोकळी झाली आणि घरोघरच्या बरण्या पुन्हा फसफसू लागल्या. सी. जे. जे. बेरी यांचं ‘फर्स्ट स्टेप्स इन वाइनमेकिंग’ हे पुस्तक 1960 सालचं. त्यावर हात बसलेली माणसं आजही भेटतात.

डँडेलियन तोडायचा परंपरेने ठरलेला दिवस म्हणजे सेंट जॉर्जचा, 23 एप्रिल. आमच्याकडे उत्तरेत थंडी रेंगाळते, त्यामुळे मी तारखेकडे न बघता आभाळाकडे बघते. हे फूल रात्री मिटतं, ढग दाटले की मिटतं, पावसातही मिटतं. सलग दोन-तीन दिवस उन्हाचे गेले, की दुपारी बाराच्या सुमारास ते ताटासारखं उघडतं. तेव्हा गुडघ्यावर बसून नाक जवळ नेलं तर मधाचा आणि ओल्या गवताचा मिळून एक वास येतो. तो आला नाही तर मी तोडत नाही. वास नसलेल्या पाकळ्या आणून पिवळी साखरेची दारू तेवढी होईल, आणि तिच्यासाठी नाताळपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

जागाही पारखावी लागते. रस्त्याच्या कडेची, कुत्री फिरवतात तिथली आणि तणनाशक मारलेल्या हिरवळीवरची फुलं मी घेत नाही. आणि एकाच जागेवरची सगळी घेत नाही, कारण थंडीतून बाहेर आलेल्या मधमाश्यांना सुरुवातीच्या दिवसांत याच फुलांचा मोठा आधार असतो. ‘प्लँटलाइफ’ या संस्थेने 2019 पासून मे महिन्यात हिरवळ न कापण्याची मोहीम चालवली आहे. तिच्यामुळे आमच्या गल्लीतल्या काही बागा आता मेमध्ये पिवळ्याधमक असतात. ज्यांनी आयुष्यभर हे तण म्हणून खणून काढलं, तेच आता ‘आमच्या अंगणातली घेऊन जा’ म्हणतात. मला याचा मनापासून आनंद होतो.

खरं काम तोडून आणल्यावर सुरू होतं. आधी फुलं पांढऱ्या कापडावर पसरायची. पंधरा मिनिटांत मोहरीच्या दाण्याहून लहान काळे किडे बाहेर येऊन कापडावर चालू लागतात. ते झटकून टाकायचे. यापेक्षा जास्त थांबायचं नाही, कारण तोडलेलं फूल लवकरच मिटू लागतं आणि मिटलेल्या फुलातून पाकळ्या सुटत नाहीत. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शंभराहून जास्त बारीक फुलांचा झुपका असतो. डाव्या हाताच्या चिमटीत खालची हिरवी वाटी धरायची, उजव्या हाताने पिवळा झुपका मुळापाशी पकडून थोडा पीळ द्यायचा आणि उपसायचा. नीट जमलं तर सगळा झुपका एकदम हातात येतो, खाली पांढरी लव आणि रिकामी वाटी राहते. लव थोडी आली तर चालते. हिरवं आलं तर निवडून काढायचं. देठाचा पांढरा चीक कडू असतो. आपल्याकडच्या पाथरीची भाजी ज्यांनी निवडली आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. दोन्ही झाडं एकाच कुळातली. तासाभरात बोटं पिवळी होतात आणि संध्याकाळपर्यंत त्याच बोटांवर चिकाचे तपकिरी डाग उमटतात. साडेचार लिटरच्या एका डेमीजॉनला, म्हणजे अरुंद मानेच्या काचेच्या बरणीला, दीड-दोन लिटर मापाच्या पाकळ्या लागतात, आणि एकटीने बसलं तर त्यात अख्खी दुपार जाते. हे काम सुपल्यात घेऊन चौघींनी गप्पा मारत करायचं.

जुन्या इंग्लिश कृतींत या सगळ्यावर उकळतं पाणी ओतून दोन दिवस झाकून ठेवायला सांगतात. याने रंग सुंदर येतो, पण वाफेबरोबर वासही निघून जातो. त्यात हे भांडं दोन दिवसांऐवजी चार दिवस राहिलं, तर पाण्याला पालापाचोळा कुजल्यासारखा दर्प येतो. मी पाकळ्यांचे दोन वाटे करते. पहिला वाटा गरम पाण्यात, रंगासाठी आणि थोड्या कडूपणासाठी. दुसरा पिशवीत भरून सरळ फ्रीजरमध्ये.

पहिल्या वाट्यात साखर पडते, साधारण 1 किलो 100 ग्रॅम. दोन संत्री आणि एका लिंबाची साल, पण नुसता पिवळा-केशरी पापुद्रा. खालचा पांढरा भाग कडू. त्यांचाच रस आंबटपणासाठी. आंबट पाण्यात यीस्ट सुखाने राहतं आणि नको ते जंतू मागे पडतात. कोरा कडक चहा एक कप, तुरटपणासाठी. पाव किलो बेदाणे चिरून. दुकानच्या बेदाण्यांना एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तेलाचा हात लावलेला असतो, तेव्हा ते आधी गरम पाण्यात धुवून घ्यायचे. बेदाण्यांनी वाइनला अंग येतं, नाहीतर ती पाणचट लागते. वर चमचाभर यीस्टचं खाद्य. ते नसेल तर उपाशी यीस्ट सडक्या अंड्यासारखा वास सोडतं, आणि त्यापुढे डँडेलियनची काय मात्रा! सगळं गार झालं, घनता मोजणारा हायड्रोमीटर 1.090 च्या आसपास तरंगू लागला, की वाइनचं यीस्ट सोडायचं. शेवटी तो 1.000 च्या खाली बुडतो, म्हणजे मद्य बारा टक्क्यांच्या जवळपास.

इथून पुढे घाई नको, ऊबही नको. यीस्ट साखर खातं तेव्हा मद्याबरोबर कर्बवायूही तयार होतो, आणि बाहेर पडणारा प्रत्येक बुडबुडा थोडा थोडा वास घेऊन जातो. भांडं फसफसत असताना खोलीत घमघमाट सुटतो, सगळे वाहवा करतात. मला त्या वेळी वाईट वाटतं, कारण तो घमघमाट बाटलीत हवा होता. म्हणून भांडं गार कोठीघरात, 16-17 अंशांवर. तिथे बुडबुडे संथ येतात.

आठ-दहा दिवसांनी पहिला जोर ओसरला, की फ्रीजरमधला दुसरा वाटा मलमलच्या पुरचुंडीत बांधून आत सोडते. आता द्रवात मद्य तयार झालेलं असतं. ते पाण्यापेक्षा जास्त वास ओढून घेतं, आणि वायूचा झपाटाही कमी असतो. तीन दिवसांनी पुरचुंडी न पिळता उचलायची. पिळली की गढूळपणा आणि कडू रस दोन्ही उतरतात. मग गाळून डेमीजॉनमध्ये, मानेपर्यंत भरून, वर एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं झाकण. रिकामी जागा ठेवली तर हवा लागून रंग तपकिरी पडतो आणि वास शेरीकडे झुकतो.

महिन्याभरात साका खाली बसतो. नळीने वरची निवळ वाइन दुसऱ्या डेमीजॉनमध्ये घ्यायची, नळीचं तोंड तळाशी ठेवून, खळखळ न होऊ देता. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा. बाटल्या भरण्याआधी एक कॅम्पडन गोळी, म्हणजे सल्फाइटची गोळी. ग्लॉस्टरशरमधल्या चिपिंग कॅम्पडन गावावरून तिचं नाव पडलं. ‘घरच्या वाइनमध्ये रसायन कशाला’ असं म्हणणारे भेटतात, पण हवेपासून वास वाचवायला ही एक गोळी मला अगदी रास्त वाटते.

नाताळाला पहिली बाटली उघडतात. बर्फासारखी थंड वाढली तर वास मुका राहतो, तेव्हा फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवावी. मसाल्याच्या जेवणापुढे ती हरवते. वेन्सलीडेल चीज आणि सफरचंदाच्या फोडींबरोबर मात्र शोभते. मला ती सर्वांत जास्त आवडते पहिल्या वर्षाच्या शेवटी, कडूपणा विरलेला आणि मधाचा वास अजून शाबूत असतो तेव्हा. दोन वर्षं ओलांडलेल्या बाटल्यांत रंग आणि गोलाई राहते, फूल गेलेलं असतं. त्या मी ग्लासात न ओतता नाशपाती शिजवायला घेते.