फाईल नावाची अमानत

आमचं काम लोकांना चटकन कळत नाही. कुणी वेल्डिंग करतो, कुणी लेथ चालवतो. आम्ही चिपमध्ये प्रोग्रॅम भरतो. भोसरीच्या एमआयडीसीत अशा खोल्या पुष्कळ. कोऱ्या चिपा ट्रेमधून येतात, सॉकेटमध्ये बसतात, थोड्या वेळात भरून बाहेर पडतात. कोरी आणि भरलेली दिसायला सारखीच. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्तीही सारखीच. फरक असतो तो फाईलचा.

इंटेलने १९७१ साली बाजारात आणलेल्या ईप्रॉमला पाठीवर काचेची खिडकी असे. अतिनील दिव्याखाली धरली की आतलं सगळं पुसलं जाई. त्या खिडकीवर पट्टी चिकटवून आवृत्ती लिहीत. आताच्या चिपा तांदळाच्या दाण्याएवढ्याही असतात, लिहायचं कुठे?

हेक्स फाईलची प्रत्येक ओळ विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते आणि शेवटी त्या ओळीचा ताळा असतो. एखादा आकडा बिघडला की ताळा जुळत नाही. पण फाईल जुनी की नवी, हे ताळा सांगत नाही. जुन्या फाईलचा ताळाही बरोबरच असतो.

२००९ साली एका कारखान्यात हेच झालं. फोल्डरमध्ये तीन फाईली: 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-नवीन-दोन'. कोणती घ्यायची, ते वरून फोनवर सांगितलं गेलं. पंपांची कार्डं बाजारातून परत आली. मशीनने प्रत्येक चिपला 'पास' दिला होता, आणि ते खोटं नव्हतं. दिलेली फाईल चिपमध्ये नीट उतरली की नाही एवढंच मशीन तपासतं. फाईलच योग्य होती का, हे त्याला कोण सांगणार?

फोन करणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मशीनवर बसणाऱ्या कंत्राटी मुलीला मात्र उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिचा कसूर नाही, असं आम्ही बाकीच्यांनी लिहून दिलं. पण फोनवरच्या शब्दाचा पुरावा कुठून आणणार? ती परत आली नाही.

तेव्हापासून आम्ही तोंडी निरोपावर फाईल घेत नाही. वहीत फाईलचं नाव, आवृत्ती, तारीख, चेकसम आणि फाईल देणाऱ्याची सही. चेकसमसोबत चिपचा नंबरही लिहितो, कारण रिकामी जागा मशीनगणिक वेगळी भरली गेली तर त्याच फाईलचा चेकसम बदलतो. नुसत्या बेरजेवरही आम्ही विसंबत नाही. दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. म्हणून सीआरसीही लिहितो. जुनी फाईल पुसत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूपबंद ठेवतो. उद्या जुनं कार्ड दुरुस्तीला आलं तर तीच लागते.

साहेब लोकांना ही कटकट वाटते. वाटू दे. मोठ्या माणसाचा शब्द वहीशिवायही चालतो. कंत्राटी पोराच्या बाजूने बोलायला मात्र वहीच लागते. दुसऱ्याची फाईल आपल्याकडे अमानत असते, तशी शेजारी बसणाऱ्याची रोजीरोटीही.

नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला मशीनला हात लावू देत नाही. आधी वही वाचायला देतो.