खुरांचा पाठ

'गोष्पद' या शब्दाचा अर्थ आम्ही गेली तीस वर्षे मुलांना सांगत आलो आहोत. गाईचे खूर चिखलात उमटून जो खळगा पडतो, त्यात साठलेले ओंजळभर पाणी म्हणजे गोष्पद. पराक्रमी पुरुषाला समुद्रही तेवढाच वाटतो, असे आम्ही फळ्यावर लिहितो. परंतु जनावराचे खूर हातात धरून पाहण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता. तो २०२२ च्या पावसाळ्यात आला.

आमचे बिऱ्हाड खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, मलप्रभा ज्या कणकुंबीला उगम पावते त्या बाजूला. आषाढात येथे ऊन पडले तर ती बातमी होते. मातोश्रींना गाईचे दूध सोसेना, म्हणून सौभाग्यवतींनी दोन शेळ्या पाळल्या. त्यांचे चारापाणी, दावे, धार सारे त्याच पाहत. आमचा शेळ्यांशी संबंध दुधाच्या पेल्यापुरता.

श्रावणात थोरली चंद्री पुढचा उजवा पाय अधांतरी धरून उभी राहू लागली. दोन दिवसांनी ती गुडघे टेकून चारा खाऊ लागली आणि दूध निम्म्यावर आले. लाळ-खुरकूत तर नव्हे, या शंकेने आमच्या पोटात गोळा उठला. पशुवैद्य आले. तोंडात फोड नाहीत, लाळ नाही, ताप नाही. तो रोग नव्हे, असे त्यांनी सांगितले आणि पाय उचलून आम्हांला दाखवला.

शेळीच्या प्रत्येक पायाला दोन नख्या असतात. त्यांची बाहेरची टणक कड आपल्या नखासारखीच सतत वाढते. खडकाळ रानात हिंडणाऱ्या शेळीची ती चालता चालताच झिजते. आमची चंद्री चार महिने गोठ्याच्या ओल्या, मऊ जमिनीवर उभी. झिजायचे कशावर? कड वाढली, आत दुमडली आणि पाकिटाच्या झाकणासारखी तळव्यावर बसली. त्या घडीत चिखल व लेंड्या कोंबल्या गेल्या. वारा न लागणाऱ्या अशाच जागी कुजवणारे जंतू फोफावतात. वैद्यांनी जखम धुऊन औषध दिले आणि जाताना म्हणाले, "दर दीड-दोन महिन्यांनी नख्या कापत चला. घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे."

घरच्या घरी जमण्यासारखे! आम्ही गुलाब छाटायची कात्री घेतली. सौभाग्यवतींनी चंद्रीची मान धरली. आम्ही पाय बाजूला ओढला, तशी चंद्री बसली. आम्ही उठवली, तशी तिने हिसका दिला आणि शाळेचे मुख्याध्यापक गव्हाणीत बसले. दुसऱ्या खेपेस आम्ही ईर्ष्येने कात्री चालवली ती जरा जास्तच खोल गेली. रक्त आले. सौभाग्यवतींनी फडके दाबून धरले आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, राहू द्या. मी त्याला बोलावते."

'तो' म्हणजे गावाबाहेर फळ्यांच्या उंच माच्यावर दहा-बारा शेळ्या सांभाळणारा एक धनगर. वय चाळिशीच्या आतबाहेर. दारात येताच त्याने चपला काढल्या आणि "नमस्कार, गुर्जी" म्हणून वाकला. त्याच्या मुलीला आम्ही ओळखत होतो, ती आमच्याच शाळेत होती. त्याला मात्र ओळखले नाही.

"पाय अंगाबाहेर ओढू नका, गुर्जी," तो म्हणाला. "सांधा जसा वळतो तसाच वळवायचा." त्याने चंद्रीला भिंतीशी लावले, आपल्या गुडघ्याने हलकेच दाबले आणि पुढचा पाय गुडघ्यातून मागे दुमडून तळवा वर केला. चंद्री हललीसुद्धा नाही. आधी चाकूच्या टोकाने त्याने सांदीतली घाण काढली. मग दुमडलेली कड कापली, मग पुढचे टोक, आणि शेवटी तळव्याचे पातळ पातळ पापुद्रे.

"केस संपतात ती रेघ बघा. तळवा त्या रेघेशी सरळ आला पाहिजे. पांढऱ्यावर गुलाबी झाक दिसली की हात थांबवायचा, त्याच्या पलीकडं रक्त." पावसात नख भिजून मऊ असते, म्हणून कात्री सहज चालते, उन्हाळ्यात ते दगडासारखे होते, तेव्हा जनावराला आधी ओल्या जागी उभे करावे. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात धरपकड नको. कुजलेल्या खुरांसाठी दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट घालून त्यात पाय बुडवावेत, आणि सर्वांत मोठे औषध म्हणजे कोरडी जागा. आमच्याकडून त्याने एक पाय कापवून घेतला. हात थरथरत होता, पण रक्त निघाले नाही.

चहा घेताना आम्ही विचारले, "हे शिकलास कुठे?"

"बापाकडं. कानडी मुलखात हिंडायचो तेव्हा. तिकडं ह्याला 'गोरसु' म्हणतात." मग जरा थांबून तो हसला. "तुमच्या वर्गात होतो, गुर्जी. सातवीला. १९९९ साल."

आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"मृग लागला की बाप मेंढरं घेऊन पूर्वेला कोरड्या रानाकडं निघायचा. मी बरोबर. त्या साली परत आलो तर नाव कमी झालेलं."

"जायलाच हवं होतं का?" हा प्रश्न आमच्या तोंडून उगाचच निघून गेला.

"इथल्या पावसात कळप ठेवला असता तर निम्मी मेंढरं लंगडी झाली असती. चंद्रीचं झालं तसं." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. शाळेत जसे उत्तर द्यावे, तसे त्याने ते दिले.

तो गेल्यावर आम्ही बराच वेळ ओसरीवर बसून होतो. त्या वर्षीचे हजेरीपत्रक आमच्याच अक्षरात भरलेले होते. त्यातील मजकूर आम्हांला न पाहताही आठवला: 'विनाकारण दीर्घकाळ गैरहजर.' कारण होते. ते जनावराच्या तळव्याखाली होते आणि तळवा उचलून पाहण्याची आम्हांला गरज वाटली नव्हती. वर्गात मात्र आम्ही 'गोष्पद' समजावून देत होतो.

आता दर दोन महिन्यांच्या एका रविवारी आम्ही कात्री घेऊन गोठ्यात बसतो. चंद्री बरी आहे. जमिनीवर फळ्या ठोकून घेतल्या आहेत. शाळेत एखादे मूल पंधरा दिवस आले नाही, तर नावापुढे शेरा मारण्यापूर्वी आम्ही स्वतः त्याच्या घरी जातो. कधी ताप असतो, कधी कापणी, कधी धाकट्या भावंडाची राखण. काही मुले परत येतात, काही येत नाहीत.

मागे एकदा तो रस्त्याने जाताना गोठ्यात डोकावला. आम्ही कापलेला पाय त्याने उचलून पाहिला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "जमलं, गुर्जी."

इतक्या वर्षांत आम्ही हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. आमची मात्र त्या दिवशी प्रथमच कोणी तपासली.