तंबाखूच्या गावातली शाळा

मळणीचे दिवस सरले की निपाणीच्या वखारींतून खकाणा उडायचा. पाहुणे शिंकून हैराण होत. आम्हाला त्याचे काहीच वाटत नसे. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया वखारीत तंबाखू चाळायला जात, नाहीतर घरी बिड्या वळत. बाकीच्यांच्या घरी तंबाखूचे शेत. फी, नवे दप्तर, बहिणीचे लग्न, साऱ्याला एकच उत्तर : "तंबाखू गेल्यावर बघू!"

हे पीक माणसाला उसंत देत नाही. पावसाळ्यात तरू टाकायचा, मग लावण. पुढे शेंडा खुडायचा आणि बगलेतले फुटवे पुन्हा पुन्हा मोडायचे, तेव्हा कुठे पान जाड होते. रविवारी आम्हीही जात असू. हाताला चिकट राप चढे; कितीही धुतले तरी भाकरी कडू लागे. एवढे करून भाव सांगणार व्यापारीच. व्हर्जिनिया तंबाखूला पुढे तंबाखू मंडळाचे लिलाव मिळाले, बिडीच्या तंबाखूला नाही. एका वर्षी आमचा माल 'ओला' ठरवून कटती लावली आणि पैसे दिवाळीपर्यंत हप्त्याहप्त्याने आले. त्या वर्षी आमची फी शेवटी भरली गेली.

मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले. आमच्या घरूनही भाकऱ्या जात. ६ एप्रिलला गोळीबार झाला. १२ शेतकरी गेले. आई आम्हाला घेऊन दार लावून बसली होती. वडील रात्री उशिरा शेतातून चालत आले, पायात चप्पल नव्हती. त्या दिवसाबद्दल ते पुढेही फारसे बोलले नाहीत.

आम्ही कॉलेजला अर्जुननगरला गेलो, म्हणजे चालत दुसऱ्या राज्यात! १९५६ पासून निपाणी कर्नाटकात, आणि देवचंद कॉलेज महाराष्ट्रात.

गेल्या हिवाळ्यात शाळेत तंबाखूविरोधी शपथ झाली. आम्ही माजी विद्यार्थीही मुलांबरोबर उभे राहिलो. आमच्यातल्या एकीच्या आईला वखारीपायी लागलेला दमा अजून सोडत नाही, त्यामुळे शपथ मनापासून घेतली. नंतर मुलांना आमच्या फीची गोष्ट सांगितली. एकाने विचारले, "तंबाखूचे झाड दिसते कसे?" मुलांना दाखवायला निघालो, तर रस्त्याकडेला सगळा ऊस. बरेच आत गेल्यावर एक तुकडा सापडला. मुलांनी पानाला हात लावला आणि लगेच चड्डीला पुसला.